तारांचे सांधे



दसऱ्याच्या दिवसांत ज्यांना म्हैसूरला जाण्याचा योग आला असेल, त्यांनी तेथील राजवाड्याची रोषणाई पाहिली असेलच. संध्याकाळ होते, पटांगणात माणसांची दाटी होते, लहान मुले वडिलांच्या खांद्यावर चढून बसतात, आणि ठरलेल्या वेळी जवळपास लाखभर दिवे एकाच क्षणी उजळतात. कमानी, घुमट, मनोरे यांच्या कडा प्रकाशाने रेखल्या जातात आणि त्या गर्दीतून नकळत एक उद्गार उमटतो. त्या गर्दीत मीही अनेकदा उभा राहिलो आहे. परंतु ज्याचा जन्म तारांच्या संगतीत गेला, त्याच्या मनात अशा वेळी एक वेगळाच हिशेब सुरू होतो. प्रत्येक दिव्याला तारेची दोन टोके. लाख दिवे म्हणजे दोन लाख टोके, आणि त्यांतले प्रत्येक टोक कोणी तरी, कोठे तरी, घट्ट धरून ठेवले पाहिजे. एक टोक सुटले तर एक दिवा विझेल. मुळाशी असलेला सांधा सुटला तर सबंध कमान काळोखात जाईल. दिवे मोजणारे पुष्कळ असतात, सांधे मोजणारा क्वचित भेटतो. आज मी आपल्याशी बोलणार आहे ते या सांध्यांविषयी.

म्हैसूरचा आणि विजेचा संबंध जुना आहे. कावेरीच्या शिवनसमुद्र येथील धबधब्यावर वीज निर्माण करण्याची योजना दिवाण सर के. शेषाद्रि अय्यर यांच्या कारकिर्दीत आखली गेली. ती पुरी झालेली पाहण्यास ते राहिले नाहीत. १९०१ साली त्यांचे निधन झाले आणि १९०२ च्या जूनमध्ये शिवनसमुद्रची वीज सुमारे दीडशे किलोमीटर दूर असलेल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींत पोहोचली. इतक्या लांब वीज नेणे ही त्या काळी साऱ्या जगात नवलाची गोष्ट होती. १९०५ मध्ये बंगळूरचे रस्ते उजळले आणि पुढे म्हैसूरही उजळले. मराठी माणसाचाही या कथेत एक धागा आहे. किर्लोस्करांनी १९४६ साली बंगळूरला विजेच्या मोटारींचा उद्योग उभारला आणि त्याचा विस्तार पुढे म्हैसुरातही झाला. बेळगाव-हुबळीकडचे कितीतरी कुशल कारागीर या भागातल्या कारखान्यांत आले, राहिले, आणि कानडी-मराठी मिसळीने बोलत तारा जोडीत राहिले.

अशाच एका कारागिराने मला या विषयाचा पहिला धडा दिला. म्हैसूरजवळच्या एका कारखान्यात मी तेव्हा उमेदवारी करीत होतो. तेथे एक यंत्र होते. ते मधूनच थांबे आणि मनात आले म्हणजे पुन्हा चालू लागे. जे यंत्र एकदाचे बंद पडते त्याचा रोग सापडतो. पण जे लहरीप्रमाणे थांबते आणि चालते, ते अभियंत्याची झोप उडवते. त्यातून एक धोका असा, की थांबलेले यंत्र दुरुस्त करण्यासाठी कोणी हात घालावा आणि नेमके त्याच क्षणी ते सुरू व्हावे. एके रात्री मी नकाशा पसरून चार तास बसलो. नकाशाप्रमाणे सारे ठीक होते. शेवटी आमचे वृद्ध वायरमन आले. ते बेळगावकडचे; सारा कारखाना त्यांना अण्णा म्हणे. त्यांनी प्रथम मुख्य पुरवठा बंद केला, खटक्याला कुलूप घातले, किल्ली खिशात टाकली, आणि मग तारा नेण्याच्या पन्हळीचे झाकण काढून हाताने एकेक तार चाचपीत निघाले. मध्येच एके जागी त्यांचा हात थांबला. तेथे कोणी तरी, कधी तरी, घाईत दोन तारा एकमेकींना पिळून त्यांवर काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. यंत्र हादरले की ती पिळलेली जोडणी सैल होई आणि पुन्हा चिकटे. नकाशात तिचा मागमूसही नव्हता.

अण्णांनी कोणाला दोष दिला नाही. तो पिळा कापून टाकला, नव्या तारा घेतल्या, त्यांची टोके पॅनेलमधील टर्मिनलांच्या रांगेपर्यंत आणली, त्यांना क्रमांक दिले आणि मला ते क्रमांक नकाशावर लिहावयास लावले. मग हात पुसत म्हणाले, "साहेब, जोड लपवायचा नसतो. जोड दाखवायचा असतो." पुढे मी या विषयावरची पुष्कळ पुस्तके वाचली, पण त्यांचे सार या एका वाक्यात आले होते.

आता ही टर्मिनलांची रांग म्हणजे काय, ते सांगतो. कारखान्यात, पाण्याच्या पंपघरात, किंवा मोठ्या इमारतीच्या उद्वाहनाजवळ आपण लोखंडी कपाट पाहिले असेल. दारावर तांबडे-हिरवे दिवे, काही बटणे, एखाददुसरे मापक. हेच नियंत्रणाचे पॅनेल. त्याच्या आत कॉन्टॅक्टर, रिले, फ्यूज अशी उपकरणे असतात व त्यांच्या तारा आतल्या आत फिरतात. बाहेरून मोटारीच्या, टाकीतल्या तरंगत्या खटक्याच्या, दूरच्या बटणाच्या अशा निराळ्या तारा येतात. या आतल्या आणि बाहेरच्या तारा जेथे भेटतात, ती जागा म्हणजे टर्मिनल ब्लॉक. आमचे वायरमन त्याला नुसते 'कनेक्टर' म्हणतात. गावाला जशी वेस असते, तशी ही पॅनेलची वेस होय. बाहेरून येणाऱ्याने वेशीपाशी थांबावे, आपले नाव सांगावे, मग आत जावे. गावात तंटा झाला तर तो वेशीच्या आतला की बाहेरचा, हे प्रथम ठरवावे. पॅनेलमध्येही तसेच. टर्मिनलावरची बाहेरची तार सोडून पाहिली, की बिघाड आत आहे की बाहेर, याचा उलगडा दोन मिनिटांत होतो.

याची रचना अगदी साधी आहे. वीज वाहून नेणारा तांब्याचा किंवा पितळेचा एक लहान तुकडा, तारेला त्यावर दाबून धरणारा स्क्रू, आणि या दोहोंभोवती वीज न वाहणारे कवच. हे कवच पूर्वी चिनी मातीचे असे, पुढे बेकेलाइटचे व मेलामाइनचे आले, आणि आज बहुधा पॉलिअमाइड या प्लॅस्टिकचे असते. चिनी माती उष्णतेला दाद देत नाही, पण आघाताने तडकते. पॉलिअमाइड चिवट असते, आणि त्याची चांगली जात पेटली तरी ज्योत दूर होताच आपोआप विझते.

पूर्वी दहा-बारा जोडण्यांची एक अखंड पट्टी मिळे. तिच्यातली एक जागा जळाली की सबंध पट्टी बदलावी लागे. १९२८ साली जर्मनीत एक सुटसुटीत कल्पना निघाली. प्रत्येक जोडणीचा ब्लॉक वेगळा करावा आणि असे हवे तितके ब्लॉक एका पट्टीवर, फळीवर पुस्तके लावावीत तसे, शेजारी शेजारी बसवावेत. एक नादुरुस्त झाला तर तेवढाच काढून दुसरा बसवावा. आज जगभर यासाठी जी पोलादी पट्टी सर्वांत अधिक वापरतात तिची रुंदी ३५ मिलिमीटर असते. पुण्यात घेतलेला ब्लॉक म्हैसूरच्या पॅनेलमध्ये बसतो, तो या एकवाक्यतेमुळे.

तार धरण्याच्या तऱ्हा मुख्यत्वे तीन. पहिली स्क्रूची; ही सर्वांत जुनी आणि आपल्याकडे सर्वांत परिचित. दुसरी स्प्रिंगची, तीत पोलादी स्प्रिंग तारेला सतत दाबून धरते. आगगाडीत, किंवा हादरणाऱ्या यंत्रावर, स्क्रू हळूहळू सैल होण्याचा संभव असतो; स्प्रिंग मात्र तार थोडी आकसली तरी मागोमाग सरकते व आपला दाब सोडीत नाही. या स्प्रिंगचीच नवी आवृत्ती अशी निघाली आहे, की एकसंध तार किंवा टोपण चढवलेले टोक नुसते आत ढकलले तरी पकडले जाते. तिसरी तऱ्हा खुंट्याची. तारेच्या टोकाला वाटोळा लग दाबून बसवायचा, तो खुंट्यावर चढवायचा आणि वर वॉशर व नट घट्ट करायचा. जाड तारांना आणि मोठ्या प्रवाहांना हीच पद्धत योग्य ठरते.

कामाप्रमाणेही यांच्या जाती पडतात. एका बाजूने तार घेऊन दुसऱ्या बाजूने सोडणारे साधे टर्मिनल, ही पहिली जात. जागा थोडी असेल तेथे दोन मजली टर्मिनल येते. हिरव्या-पिवळ्या रंगाचे टर्मिनल भूसंपर्कासाठी असते. ते आपल्या पायाने पट्टीलाच घट्ट धरते, आणि अशा रीतीने तारेचा व लोखंडी कपाटाचा संबंध जोडला जातो. हा रंग दुसऱ्या कोणत्याही कामाला वापरू नये, असा दंडक आहे. काही टर्मिनलांच्या पोटात फ्यूज असतो. काहींत चाकूच्या पात्यासारखी तरफ असते, ती उचलली की तार न सोडता मंडल तोडता येते.

यांतली एक जात मात्र अशी आहे, की तिचे ज्ञान नसणे प्राणावर बेतू शकते. मोठा प्रवाह मोजावयाचा असतो तेव्हा तो सरळ मापकात नेत नाहीत. समजा, मुख्य वाहिनीतून ४०० अँपिअर वाहत आहेत. तेथे प्रवाह-रोहित्र, म्हणजे आमच्या भाषेत 'सी.टी.', बसवतात. ते ४०० चे ५ अँपिअर करून मापकाकडे पाठवते. मापक बदलावयाचे झाले तर सामान्य माणूस म्हणेल, तार सोडा आणि मापक काढा. मुख्य वाहिनी चालू असताना असे केले तर अनर्थ होतो. सी.टी.चे मंडल तुटताच त्याच्या टोकांवर शेकडो, प्रसंगी हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न होतो. आवरण जळते, आणि हात लावणारा वाचेलच असे नाही. म्हणून या ठिकाणी सरकत्या दुव्यांची खास टर्मिनले वापरतात. प्रथम दुवा सरकवून सी.टी.ची दोन्ही टोके एकमेकांना जोडायची आणि मगच मापकाकडची वाट तोडायची. आधी बांधा, मग सोडा, हा क्रम. तो पाळणे सोपे व्हावे म्हणून तर त्या लहानशा दुव्याची योजना.

इतके ऐकून कोणी विचारील, की फ्यूज किंवा स्वयंचलित खटका असताना एखाद्या सैल स्क्रूची एवढी भीती कशाला? या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घेण्यासारखे आहे. फ्यूज पाहतो तो प्रवाह फार झाला की काय, एवढेच. सांधा सैल झाल्याने प्रवाह वाढत नाही. झाला तर किंचित कमीच होतो. तेव्हा पहारेकऱ्याला काही वावगे दिसत नाही, आणि घर आतून जळत राहते. एक साधा हिशेब करू. चांगल्या सांध्याचा विरोध एक सहस्रांश ओम धरला आणि त्यातून २० अँपिअर प्रवाह गेला, तर तेथे उत्पन्न होणारी उष्णता ०.४ वॉट. तोच सांधा सैल होऊन विरोध दसपट झाला, तर उष्णता ४ वॉट. चार वॉट म्हणजे शयनगृहातल्या लहानशा दिव्याची शक्ती, असे आपण म्हणाल. खरे आहे, पण तो दिवा आता हरभऱ्याएवढ्या जागेत कोंडला आहे. धातू तापतो, त्यावर गंज चढतो, गंजाने विरोध वाढतो, विरोधाने उष्णता वाढते. अशा रीतीने महिनोन्‌महिने काही न घडल्यासारखे वाटते आणि एके दिवशी कवच वितळते. वर्तमानपत्रात 'शॉर्ट सर्किटमुळे आग' असे छापून येते; पण त्या कारणाच्याही मागे कधी कधी एक न आवळलेला स्क्रू उभा असतो.

मग सांधा चांगला कसा करावा? यात गूढ असे काही नाही. आच्छादन सोलण्यापासून काळजी घेतली म्हणजे झाले. आच्छादन टर्मिनलाला हवे तेवढेच सोलावे. कमी सोलले तर स्क्रू प्लॅस्टिकवर बसतो, अधिक सोलले तर उघडे तांबे बाहेर डोकावते. सोलताना सुरीने तांब्याचे तंतू कापले जाऊ नयेत. अनेक तंतूंच्या तारेला टोकाशी धातूचे टोपण किंवा पिन लग दाबून बसवावा. काही जण हौसेने टोकावर डाग देतात, म्हणजे कथलाचा थर चढवतात. दिसावयास ते टोक सुबक दिसते, पण कथील मऊ असते; स्क्रूच्या दाबाखाली ते हळूहळू पसरते आणि वर्षभरात सांधा सैल पडतो. एका स्क्रूखाली दोन तारा कोंबण्याचा मोहही टाळावा. दोघींपैकी बारीक तार नेहमीच उपाशी राहते. त्यासाठी शेजारच्या टर्मिनलांना जोडणाऱ्या तयार पट्ट्या मिळतात.

स्क्रू किती आवळावा, यालाही प्रमाण आहे. अडीच चौरस मिलिमीटर तारेच्या नेहमीच्या टर्मिनलाला सुमारे अर्धा न्यूटन-मीटर एवढे पीळबल पुरते. सोप्या भाषेत, मनगटाचा जोर लावावा, खांद्याचा लावू नये. फार आवळले तर आटे मरतात. शेवटी तार हलकेच ओढून पाहावी. ज्या टर्मिनलांची आपणास शंका नाही, त्यांचीही तार ओढून पाहावी. बहुधा त्यांतलीच एखादी हातात येते. अलीकडे उष्णता टिपणारे कॅमेरे आले आहेत. चालू पॅनेलकडे त्यातून पाहिले की तापलेला सांधा उजळलेला दिसतो. साधन उत्तम आहे, पण तो सांधा आवळण्याचे काम शेवटी मनुष्याच्या हातालाच करावे लागते.

आता क्रमांकाविषयी थोडे. प्रत्येक टर्मिनलावर अंक असतो आणि प्रत्येक तारेच्या टोकावर अंकांची लहानशी नळी चढवलेली असते. तिला आमच्या कामात फेरूल म्हणतात. नवशिक्या माणसाला हे काम कंटाळवाणे वाटते. मलाही वाटे. तार जोडली, यंत्र चालू झाले, मग अंक कोणासाठी? ते आपल्यासाठी नसतातच. दहा वर्षांनी, आपण निवृत्त झाल्यावर किंवा दुसऱ्या गावी गेल्यावर, एखाद्या रात्री तेथे एक तरुण बॅटरीच्या उजेडात उभा राहील. त्याचे आपणाशी नाते नाही, त्याला आपले नावही ठाऊक नाही. त्याच्यासाठी तो अंक आहे. रांगेच्या शेवटी पाचांतले एक टर्मिनल मोकळे ठेवण्याची चांगली रीत आहे, तीही त्याच्यासाठीच. उद्या एखादी नवी तार आलीच तर तिला पिळून, चिकटपट्टी गुंडाळून लपवण्याची पाळी त्याच्यावर येऊ नये. ज्याने तो पिळा पन्हळीत लपवला, तो मनुष्य दुष्ट नव्हता. त्याला बहुधा मोकळी जागा मिळाली नव्हती, आणि वरून घाई होती. पॅनेल आखणाऱ्याने चार रुपये वाचवले, त्याची किंमत माझ्या रात्रीने भरली. यंत्रात कोणाचा हात सापडला असता, तर ती त्याने भरली असती.

ज्यांचा कारखान्याशी संबंध नाही, अशा श्रोत्यांनीही यातून एवढे घ्यावे. आपल्या घरातही असे सांधे आहेत. प्रत्येक खटक्याच्या आणि खोबणीच्या पाठीशी ते बसलेले असतात. पाणी तापवण्याच्या यंत्राचा किंवा इस्त्रीचा प्लग हाताला चटका देऊ लागला, खोबणीची कडा पिवळी-काळी पडली, जळक्या प्लॅस्टिकचा वास आला, किंवा दिवा उगाच लुकलुकू लागला, तर तो सांधा आपणाशी बोलत आहे असे समजावे. 'चालते आहे ना, मग राहू द्या', असे म्हणू नये. मुख्य खटका बंद करावा आणि जाणत्या वायरमनला बोलवावे. तो आला म्हणजे त्याला घाई करू नये.

जाता जाता म्हैसूरची आणखी एक आठवण. १९३५ साली त्या शहरात डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी या प्राध्यापकांनी स्वतःच्या घरी एक लहानसे नभोवाणी केंद्र सुरू केले. त्याचे नाव होते 'आकाशवाणी'; तेच नाव पुढे साऱ्या देशाच्या नभोवाणीने घेतले. बिनतारी म्हणून आपण जिचे कौतुक करतो, ती ही वाणी. पण माझ्यासमोरच्या ध्वनिक्षेपकापासून प्रक्षेपकाच्या मनोऱ्यापर्यंत तीही वाटेत कितीतरी सांध्यांतून जाते. ते सांधे कोणी केले, मला ठाऊक नाही. त्यांनी ते नीट आवळले, म्हणून माझे बोलणे आपल्यापर्यंत पोहोचले. त्यांचे आभार मानून आपली रजा घेतो.